विमानाच्या शेपटाखाली

द्वारका मोकासेनं पंखाखालचा दांडा सोडला खरा, पण त्याच क्षणी तिचा डावा पाय पायरीवरून सटकला आणि छातीवर पडायच्या ऐवजी ती डोक्यावर गेली. पाठीमागं सैल सुटलेला पट्टा वाऱ्यानं उडाला, तिच्या डाव्या पोटरीला वेढा घालून गेला आणि घोट्याशी आवळला. मग हवेतल्या हवेत तिला असा हिसका बसला, की खुब्यातून काहीतरी निसटल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला.

ती पडत नव्हती. विमान तिला ओढत नेत होतं.

हे एकोणीसशे शहाऐंशीच्या जानेवारीतलं. औरंगाबादहून जालन्याला जाताना करमाडच्या अलीकडं माळावर एक कच्ची धावपट्टी होती. कपाशीवर औषध फवारणारी विमानं तिथं उतरायची. फवारणी आटोपली की हिवाळ्यापुरती ती पट्टी एक हौशी क्लब भाड्यानं घ्यायचा आणि लोकांना पॅराशूटनं उड्या मारायला शिकवायचा. द्वारका कन्नडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. कबड्डीत ती चढाईला गेली की समोरच्या पोरी आपोआप मागं सरकायच्या. एकदा एसटीत अंगाला हात लावणाऱ्या माणसाचं मनगट तिनं सीटच्या दांड्यावर आपटून मोडलं होतं, आणि कंडक्टरनं गाडी पोलीस ठाण्याला नेली तेव्हा तक्रार त्या माणसानंच नोंदवली होती. आई सरूबाई बाजारात कांदे विकायची. तिला द्वारकानं 'कॅम्पला चालले' एवढंच सांगितलं होतं.

शिकवणारा जहांगीर खान पठाण सिल्लोडचा होता. फौजेत पॅराशूटच्या पलटणीत उभी जवानी काढून आलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना जमिनीवर बसवून सांगितलं होतं, "छत्री तुमी उघडायची नाय, पट्टा उघडतो. पट्ट्याचं एक टोक विमानात, पायलटच्या सीटशेजारी, खालच्या कडीला. दुसरं तुमच्या पाठीवर. तुमी पडलात की पट्टा ताणतो, पिना उपसतो, छत्री आपोआप फुलते. नाय फुलली तर पोटावर दुसरी हाय, रिझर्व्ह. ती मात्र आपल्या हातानं."

"और पट्टे में अटक गए तो?" इलियासनं विचारलं होतं. हा शहरातला, शहागंजात फोटो स्टुडिओ चालवणारा तरणा गडी. बोलायला लागला की निम्मं मराठी, निम्मं दखनी.

"तर रिझर्व्हला हात लावायचा नाय. विमानामागं लटकताना ती उघडली तर शेपटात शिरल, शेपूट उपटून काढल. तुमीबी गेलात, आमीबी गेलो. शुद्धीवर असाल तर हात हेल्मेटवर ठेवायचा. मला तो हात दिसला की मी पट्टा कापणार. कापला की रिझर्व्ह ओढा."

"और शुद्धीपे नै रहे तो?"

"पुढचा प्रश्न," जहांगीर म्हणाला होता.

द्वारकाच्या आधीच्या उड्या बिनघोर झाल्या होत्या. आजची जरा जास्त उंचीवरून होती, एवढाच फरक. विमानात चौघं होते. चालवणारे कॅप्टन नानासाहेब वाकळे, काढलेल्या दरवाजाशी गुडघ्यावर बसलेला जहांगीर, उडीसाठी द्वारका आणि तिच्यानंतर इलियास.

आता द्वारका शेपटाखाली उलटी लटकत होती. वारा तिला वर उचलायचा, शेपटाच्या पत्र्यावर आपटायचा आणि पुन्हा खाली फेकायचा. पहिल्या तडाख्यात तिनं तोंड वाचवायला डावा हात पुढं केला, तर कोपराखाली तो काटकीसारखा मोडला. दुसरा तडाखा हेल्मेटवर बसला. त्यानंतरचे तडाखे तिला कळले नाहीत.

विमानात जहांगीरचा हात पट्ट्यावर होता. एरवी माणूस पडला की पट्टा एकदा ताणायचा आणि लगेच सैल होऊन फडफडायचा. आज तो सैल झाला नाही. दरवाजाच्या कडेवर तो करकचून ताणला होता आणि हाताखाली थरथरत होता. जहांगीरनं मान बाहेर काढली आणि आत घेतली तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अटकली," तो ओरडला. "कॅप्टन, सरळ ठेवा. वळवू नका!"

"सरळ कसं ठेवू?" नानासाहेब ओरडले. त्यांच्या हातातलं चाक दर आपटीसरशी हिसके मारत होतं. "शेपूट जाम होतंय! नाक वर चाललंय माझं!"

जहांगीर पुन्हा बाहेर वाकला. त्यानं छातीच्या खिशातला चाकू काढून हातात धरला होता. द्वारकाचे दोन्ही हात डोक्याच्या खाली लोंबत होते. वाऱ्याबरोबर ते हलायचे, पण ते हलणं माणसाचं नव्हतं. धुणं वाळत घातल्यावर हलतं तसं ते होतं.

"द्वारका!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाही ऐकू गेलं नाही.

इलियास मागून सरकत आला आणि त्याच्या खांद्यावरून बघू लागला. "हिलती नै उस्ताद. मर गई क्या?"

"माझा पट्टा धर आन् गप बस!"

इलियासनं दोन्ही हातांनी जहांगीरच्या पाठीवरचा पट्टा धरला आणि टाचा समोरच्या लोखंडी चौकटीला लावल्या. तेवढ्यात विमान डावीकडं कलंडलं, खाली गेलं आणि नानासाहेबांनी ते ओढून पुन्हा वर घेतलं. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती.

"काप!" ते मागं न बघता म्हणाले.

"शुद्धीवर नाय ती. कापला तर दगडासारखी जाईल."

"आणि नाही कापला तर चौघं जाऊ! वेग पडतोय. अजून जरा पडला की हे विमान उडायचं सोडून देईल, कळतंय का तुला?"

"खाली उतरवा."

"तिला घेऊन? धावपट्टीवर घासत? तिचं काय उरेल ते गोळा करायला तू जाशील?"

 जहांगीर बाहेर वाकून तसाच बघत राहिला. नानासाहेबांनी एका हातानं चाक छातीशी दाबून धरलं आणि दुसरा सीटखाली घातला. तिथं कातड्याच्या म्यानात एक आकडीचा चाकू कायम अडकवलेला असायचा, अशाच वेळेसाठी. कडी त्यांच्या मांडीशेजारीच होती. पट्टा तिथून सुरू होत होता.

चाकू पट्ट्याला लागला आणि जहांगीरच्या हाताखालची थरथर बदलली. त्यानं वळून बघितलं आणि नानासाहेबांच्या मनगटावर झेप घेतली.

त्या एवढ्याशा जागेत दोन मोठी माणसं एकमेकांना भिडली. जहांगीरच्या हातातला चाकू कुठंतरी पडला. त्यानं नानासाहेबांच्या हातातलं पातं मुठीत पकडलं आणि ते तळव्यात हाडापर्यंत गेलं. नानासाहेबांनी कोपर मागं हाणलं. ते जहांगीरच्या नाकावर बसलं आणि आत कुडकन आवाज झाला. रक्त वाऱ्यानं उडून समोरच्या काचेवर, घड्याळांवर, नानासाहेबांच्या मानेवर शिंपडलं. जहांगीरनं त्यांचं मनगट दातात धरलं आणि कातडी फाटेपर्यंत चावला. विमानाचं नाक पुन्हा वर गेलं, वेग पडल्याचा इशारा देणारा भोंगा वाजू लागला आणि अख्खा सांगाडा ताप आलेल्या माणसासारखा कापू लागला.

"नक्को! नक्को!" इलियास रडत ओरडत होता. "गिर रहे ना हम! छोडो!"

"माझ्या घरी पोरी आहेत रे!" नानासाहेब किंचाळले.

"तीबी कुणाची पोरच हाय!"

विमान एका पंखावर पडलं. तिघंही दरवाजाच्या बाजूला लोटले गेले. भांडण तिथंच तुटलं, कारण नानासाहेबांना दोन्ही हात चाकाला लागले आणि जहांगीरला दरवाजाच्या चौकटीला. नाक खाली गेलं, वेग आला, भोंगा थांबला. जमीन मात्र पहिल्यापेक्षा पुष्कळ जवळ दिसत होती. कपाशीच्या सऱ्या वेगवेगळ्या मोजता आल्या असत्या.

जहांगीरनं तोंडातलं रक्त थुंकलं. "एकदा," तो म्हणाला. "एकदा तिला जागं करू द्या. नाय झाली तर कापा. मी हात लावणार नाय."

नानासाहेबांनी समोर बघितलं. पुढं मनमाडहून हैदराबादकडं जाणारी रेल्वे लाइन माळाला छेदून गेली होती. "त्या रुळांपर्यंत," ते म्हणाले. "रूळ मागे पडले की मी कापणार."

जहांगीर दरवाजातून कमरेपर्यंत बाहेर गेला. इलियासनं त्याचे पाय आपल्या पोटाशी आवळून धरले. जहांगीरनं फाटलेल्या तळव्यानिशी पट्टा पकडला, दोन्ही खांदे लावून तो वर ओढला आणि सोडून दिला. द्वारकाचं सगळं वजन हातभर खाली गेलं आणि घोट्यावर येऊन आदळलं.

काही झालं नाही.

त्यानं परत ओढला. अडकलेल्या पायात त्यानं काय होत असेल हे त्याला पुरतं माहीत होतं. फौजेत त्यानं मोडलेले पाय पाहिले होते. तो रडत होता की वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, हे इलियासला पुढंही कधी सांगता आलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं पट्टा मनगटाला गुंडाळला आणि बैलाचं जू ओढावं तसा मागं ओढून एकदम ढील दिली.

त्या हिसक्यानं द्वारकाचं पाऊल घोट्यात फिरलं. बोटं मागं आली आणि टाच पुढं गेली.

द्वारका जागी झाली ती किंचाळतच. पहिल्यांदा तिला वाटलं की ती शाळेच्या मैदानावर आहे आणि सगळ्या पोरी तिच्या पायावर बसल्यात. मग आभाळ खाली आणि जमीन वर दिसली. वारा नाकातोंडात शिरत होता. पायातून निघालेली कळ डोक्यात जाऊन फुटत होती आणि परत पायाकडं जात होती. आपण कुठं आहोत हे तिला हळूहळू नाही, एकदम कळलं. पोटावर रिझर्व्ह होती. तिची तांबडी मूठ उजव्या हाताशी होती. ती ओढली की हे सगळं थांबेल असं तिला वाटलं, आणि हात तिकडं गेलाही. बोटं मुठीत शिरली.

शेपूट उपटून काढल. तुमीबी गेलात, आमीबी गेलो.

तिनं बोटं सोडवली. तो हात वाऱ्याच्या विरुद्ध डोक्यापर्यंत न्यायला तिला जेवढा जोर लागला, तेवढा आयुष्यात कुठल्या चढाईत लागला नव्हता.

इकडं विमानाखालून रूळ मागं पडले होते. नानासाहेबांनी पुढच्या माळाकडं बघितलं, खालच्या जमिनीकडं बघितलं आणि चाकू पट्ट्याला लावला. यावेळी जहांगीर त्यांच्याकडं बघत नव्हता. जाड विणीचा पट्टा एकेक धागा सोडत निम्मा तुटला.

"हाथ!" इलियास ओरडला. जहांगीरच्या कुल्ल्यावरून मान काढून तो बघत होता. "उस्ताद, सर पे हाथ! सर पे हाथ रक्खी!"

"काप!" जहांगीर बाहेरून ओरडला. "कॅप्टन, काप!"

नानासाहेबांचा हात मध्येच थांबला होता. त्यांनी डोळे मिटले आणि उरलेला निम्मा एका झटक्यात ओढून कापला.

द्वारका सुटली. एका क्षणात सगळा आवाज गेला. इंजिन, पत्रा, भोंगा, काही नाही. तिनं मुठीकडं हात नेला, पण तेवढ्यात पायाचा पीळ उलगडताना कापलेल्या पट्ट्यानं पाठीवरच्या पिशवीच्या पिना ओढल्या आणि मोठी छत्री आपणहून बाहेर पडली. ती फुलली नाही. तिच्या दोऱ्या पायात गुंतल्या होत्या. कापडाचा लांब पिळा तिच्या अंगावर फटफट आपटत वर उभा राहिला आणि द्वारका त्याच्याखाली भोवऱ्यासारखी फिरू लागली.

आता रिझर्व्ह नुसती ओढली तर ती उडून त्याच पिळ्याला गुंडाळणार होती. हेही उस्तादनं शिकवलं होतं. वर अर्धी छत्री असली की रिझर्व्हचं तोंड हातानं दाबून धरायचं, मूठ ओढायची, आतलं कापड हातात घ्यायचं आणि फिरतोय त्या बाजूला, लांब, खाली फेकायचं. त्याला दोन हात लागतात. द्वारकाला एकच होता.

तिनं मोडलेला डावा हात पोटावर आडवा टाकला आणि त्याच्यानं पिशवी दाबली. हाडाची टोकं एकमेकांवर घासली. ती शिव्या देत होती, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. उजव्या हातानं मूठ ओढून तिनं फेकून दिली, आत हात घातला, थंड गुळगुळीत कापडाचा गठ्ठा काढला आणि फेकला. वाऱ्यानं तो तसाच परत आणून तिच्या तोंडावर मारला. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं. श्वास कोंडला. तिनं दातांनी, नखांनी ते कापड तोंडावरून ओढून काढलं, पुन्हा पोटाशी गोळा केलं आणि यावेळी वाट बघितली. जमीन फिरत होती. विहीर, झाड, रूळ, विहीर, झाड. चढाईत समोरच्याचा पाय कुठं पडणार हे बघून हात टाकायचा असतो, तसा तिनं कापडाचा गठ्ठा फिरण्याच्या दिशेला पुढं झोकून दिला.

दोऱ्या सळसळत गेल्या. दोन्ही मांड्यांमध्ये पट्टे रुतले आणि तिचं सगळं अंग वर खेचलं गेलं. तिनं मान वर केली. पांढरी छत्री पिळ्याच्या बाजूला फुगून उभी होती.

सुस्कारा सोडायलाही उंची उरली नव्हती. जमीन आली. तिनं फिरलेला पाय वर उचलायचा प्रयत्न केला, पण तोच आधी टेकला. मग ती बांधाच्या काळ्या दगडांवर कुशीवर आदळली आणि बरगड्या मोडल्या. आणि एवढ्यावर संपलं नाही. माळावरचा वारा छत्रीत भरला आणि छत्री तिला ओढत कपाशीत घेऊन चालली. वाळलेल्या पऱ्हाट्या तिच्या तोंडावर, मानेवर, मोडलेल्या हातावर सपासप बसू लागल्या. पुढं कठडा नसलेली विहीर होती.

त्या रानात मनकर्णाबाई नावाची एक बाई शेवटचा कापूस वेचत होती. आभाळातून बाई पडली आणि ओरडत आपल्याकडंच फरफटत येतेय, हे बघून ती पहिल्यांदा पळाली. मग तिला विहीर दिसली. ती माघारी फिरली आणि ओटीतला कापूस तसाच घेऊन फुगलेल्या छत्रीवर जाऊन आडवी पडली. छत्रीनं तिलाही उचलून आपटलं. मनकर्णाबाईनं कमरेचा विळा काढला आणि साप मारावा तसे कापडावर घाव घातले, फाटून वारा निघून जाईपर्यंत. द्वारका थांबली. विहिरीच्या तोंडापासून ती किती लांब होती ते मनकर्णाबाई पुढं सगळ्यांना हात पसरून दाखवायची.

"कोण गं तू?" ती धापा टाकत म्हणाली. "कुठून आलीस?"

"कन्नडहून," द्वारका म्हणाली आणि पुन्हा शुद्ध हरपली.

इकडं विमान धावपट्टीवर वेडंवाकडं आदळून उतरलं. चाकं थांबायच्या आत जहांगीर उडी मारून उतरला आणि रुळांच्या दिशेनं पळत सुटला. इलियास त्याच्यामागं. नानासाहेब बराच वेळ सीटवरच बसून होते. त्यांच्या हातात तो चाकू होता. त्यांनी तो खाली ठेवायचा प्रयत्न केला तर बोटं उघडेनात.

द्वारकाला औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर घातलं, बरगड्या आवळून बांधल्या, खुबा बसवला. पाऊल मात्र डॉक्टरांनी बराच वेळ हातात धरून बघितलं. ते म्हणाले, हाड जुळेल, पण आतल्या शिरा आणि बंध पार तुटलेत. घोटा आता वळायचा नाही. नुसतं लटकून असं होत नाही, कुणीतरी जोर लावून पिरगाळलाय.

सरूबाईनं हे ऐकलं. ती कन्नडहून मिळेल त्या जीपनं आली होती आणि लेकीच्या खाटेशेजारून हलली नव्हती. एक दिवस इलियास भेटायला आला आणि भोळेपणानं म्हणाला, "अम्मा, उस्ताद ने खींचा ना पैर, तब्बीच जागी हुई ये." सरूबाईनं त्याच्याकडं बघितलं. 

संध्याकाळी नानासाहेब मोसंब्यांची पिशवी घेऊन आले. मनगटाला पट्टी होती. सरूबाईनं त्यांना स्टूल दिलं, "देव माणूस हाय तुमी, इमान उतरवलं," म्हणाली. नानासाहेब मान खाली घालून मोसंबी सोलत बसले. तेवढ्यात जहांगीर दारात आला. नाक सुजून चेहराभर झालं होतं, तळव्यांना बँडेज होतं. तो आत यायच्या आधीच सरूबाई उठली. खाटेखालचा स्टीलचा डबा तिनं कडीला धरून उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला.

"माझ्या लेकीचा पाय पिरगाळतोस?" ती ओरडली. "खाटका! तिचा खेळ मारलास, तिचं पोट मारलंस!"

दुसरा घाव कानावर बसला. वरण त्याच्या मानेवरून सदऱ्यात ओघळलं. जहांगीरनं हात वर केले नाहीत. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. द्वारका खाटेवरून "आई, आई गं, थांब," म्हणत होती, पण बरगड्यांमुळं आवाज फुटत नव्हता.

नानासाहेब उभे राहिले. मोसंब्या फरशीवर गडगडत गेल्या.

"बाई, त्यांना मारू नका," ते म्हणाले. "त्यांनी पाय ओढला म्हणून ती जागी झाली. मी तर ती बेशुद्ध असतानाच पट्टा कापत होतो. निम्मा कापलाही होता."

सरूबाईचा हात वरच राहिला. तिला नीट कळलं नव्हतं. द्वारकाला कळलं होतं. तिला आतापर्यंत कुणीच हे सांगितलं नव्हतं.

"जवळ या," ती म्हणाली.

नानासाहेब खाटेशी गेले आणि वाकले. द्वारकानं उजव्या हातानं सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या तोंडात मारली. चष्मा उडाला. ओठ दातावर फाटून हनुवटीवरून रक्त आलं. ते सरळ झाले नाहीत. दुसरी बसेल म्हणून तसेच वाकून राहिले.

"रूळ किती मागं पडले होते?" तिनं विचारलं. रुळांपर्यंतची मुदत तिला इलियासनं सांगितली होती, ती उलटून चाकू चालल्याचं नव्हतं.

"थोडे. फार नाही."

द्वारका बरगड्या धरून श्वास घेत राहिली. "तुमच्या जागी मी असते तर रूळ यायच्या आधीच कापला असता का, ते मला म्हाईत नाय," ती म्हणाली. "म्हणून एकच मारली. बसा आता. उस्ताद, तुमीबी बसा."

दोघं बसले. सरूबाई मात्र कुणाकडंच न बघता फरशीवरचं वरण पुसत राहिली.

त्या वर्षी क्लब बंद पडला. चौकशी झाली, साहेब लोक येऊन विमानाचं चेपलेलं शेपूट बघून गेले. नानासाहेब पुढं उडाले नाहीत. जहांगीर सिल्लोडला भावाच्या मक्याच्या आडतीत बसू लागला. द्वारकाचा घोटा कायमचा ताठ झाला. कबड्डी गेली, पण शाळेनं तिला ठेवलं, आणि पोरींना ती खुर्चीत बसून शिकवू लागली. तिच्या पोरी आडदांड म्हणून तालुक्यात बदनाम होत्या आणि सारख्या जिंकायच्या.

पुष्कळ वर्षांनी ती जिल्ह्याच्या सामन्यांसाठी पोरी घेऊन सिल्लोडला गेली. परतीच्या एसटीला वेळ होता. स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी जहांगीर भेटला. दाढी पांढरी झाली होती.

"पाय काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"थंडीत ठणकतो. बाकी चालतंय." तिनं चहाचा घोट घेतला. "उस्ताद, तुमाला सपनं पडतात का?"

"तुला?"

"पडण्याची नाय पडत. त्या शेपटाखालची पडतात. झोपेत हात चालतो माझा. नवऱ्याचा दात हलवलाय एकदा. आता तो पलीकडं भिंतीला उशी लावून झोपतो."

जहांगीर हसला. "मी ओढतो," तो म्हणाला. "माझी बायको शहजादी म्हणते, रात्रभर चादर ओढता. फाडली बी दोन-चार. एकदा तिचाच हात ओढला, लई जोरात. बिचारी उठून बसली आन् म्हणाली, मी जागीच हाय, सोडा."

द्वारकानं ग्लास खाली ठेवला.  तिनं त्याचा हात उलटा करून तळव्यावरची आडवी जाड खूण बघितली आणि अंगठ्यानं एकदा दाबली.

"दुखतंय?"

"नाय आता."

कन्नडची गाडी लागली. पोरी धक्काबुक्की करत, एकमेकींच्या वेण्या ओढत दारात घुसल्या. "अगं ए, मारामारी नाय!" द्वारका ओरडली आणि कुणीही ऐकलं नाही. ती ताठ पाय आधी पायरीवर टाकून वर चढली. जहांगीरनं खालून तिची पिशवी वर दिली.